‘म्हणजे काय?’ विचारायला लाजू नका



कचेरीतून इंग्रजी पत्र आले की आपली पोरे अर्थ न विचारताच सही करतात. अडाणी ठरू, ही भीती! पण इतिहास काय सांगतो?

7 नोव्हेंबर 1900 रोजी छोटा भीमराव साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. आपले विटे तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. 48 वर्षांनी, 30 नोव्हेंबर 1948 रोजी, संविधान सभेत नोकऱ्यांतील राखीव जागांवर चर्चा चालू होती. सदस्यांनी विचारले, ‘बॅकवर्ड’ म्हणजे नेमके कोण? एवढे शिकलेले लोक, पण विचारताना कोणी लाजले नाही.

बाबासाहेबांनी इंग्रजीत खुलासा केला. संधी सर्वांना समान. पण कारभार आजवर मोजक्या जातींच्याच हाती राहिला, म्हणून बाहेर ठेवलेल्यांना वाट हवी. ‘बॅकवर्ड’ शब्द नसेल, तर अपवादच नियमाला गिळेल. मागास कोण, हे सरकार ठरवेल. ते चुकले तर न्यायालय आहे. हेच आजचे कलम 16(4). 1992 च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच खुलाशाचा आधार घेतला.

म्हणून खिडकीवर बिनधास्त विचारा, ‘व्हॉट डझ धिस मीन?’ अर्ज फेटाळला तर लेखी मागा, ‘प्लीज क्लॅरिफाय द रीझन्स फॉर रिजेक्शन.’ बोलण्याची इंग्रजी वेगळी, अर्जाची वेगळी, हक्क एकच. तोंडी उत्तर हवेत विरते, लेखी खुलासा पुरावा होतो.

न समजता सही करणे ही गुलामी आहे. विचारा!