उशिरा लागणारा दिवा, लवकर लागणारा दिवा

नागपूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढुर्णा लागते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. हा महामार्ग आता चौपदरी आहे. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर, वेगळी पाटी नसेल तर, मोटारगाडीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. तरीही १ जुलै २०१९नंतर बनलेली कार इथे ८०चा आकडा ओलांडताच टुंग-टुंग करू लागते आणि १२०च्या वर गेली की थांबायचे नाव घेत नाही. म्हणजे कायदा ज्या वेगाला हरकत घेत नाही, त्याच वेगाला कायद्यानेच बसवलेला भोंगा हरकत घेतो. नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डबद्दल लोक जी कुरकुर करतात, की गाडी फार नाजूक झाली आहे, शिंकले तरी दिवा लागतो, ती या आवाजापासूनच सुरू होते. कुरकुर खरी आहे, निदान मात्र चुकले आहे. गेल्या नव्वद वर्षांत दिवा जेवढा हळवा झाला, त्याहून जास्त त्याचा धनी बदलला. तो आधी चालवणाऱ्यासाठी लागत असे. आता बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुणासाठी लागतो.

सुरुवातीच्या मोटारींत दिवेच नव्हते, काटे होते. तेलाचा दाब किती, बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे, पाणी किती तापले, हे काट्यांवरून वाचायचे आणि निर्णय आपण घ्यायचा. अमेरिकेतल्या हडसन कंपनीने १९३०च्या दशकात तेलाच्या आणि चार्जिंगच्या काट्यांची जागा लाल दिव्यांना दिली. काटे शोभेपुरते राहतात, त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, हा अनुभव त्यामागे होता. दिव्याचा खर्चही कमी. काट्यांच्या अभिमान्यांनी या दिव्यांना ‘मूर्खांचे दिवे’ असे नाव ठेवले आणि इंग्रजीत ते आजही टिकून आहे. हेटाळणीत तथ्य होते. तेलाच्या दिव्याची कळ दाब जवळजवळ संपल्यावरच जुळते. धावत्या इंजिनात दर चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या आसपास दाब असायचा, आणि दिवा लागायचा तो साधारण पाच-सात पौंडांवर. काट्याने अर्धा तास आधी सांगितली असती ती गोष्ट दिवा शेवटच्या मिनिटाला सांगायचा. भारतातही गाड्या चालवणाऱ्यांच्या पिढ्या या उशिरा लागणाऱ्या दिव्यावरच वाढल्या, आणि त्याचा दरारा या उशिरातूनच आला. तेलाचा लाल दिवा लागला म्हणजे इंजिन तिथेच बंद करायचे, नाहीतर बेअरिंग गेलेच, ही गोष्ट कुठल्याही क्लीनरला शिकवावी लागत नसे. दिवा क्वचित लागे, आणि लागला की खोटा ठरत नसे.

पिवळा दिवा दुसऱ्या घराण्यातला. त्याचा जन्म लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमुळे झाला. कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाने १९८८ सालच्या गाड्यांपासून इंजिनाच्या संगणकाला धूर वाढवणारे बिघाड ओळखायला आणि दिवा लावायला सांगितले. १९९६पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना त्याची सुधारित आवृत्ती सक्तीची झाली. पिवळ्या दिव्याची कसोटी त्या नियमात लिहिलेली आहे. इंजिन बसेल का, गाडी वाटेत बंद पडेल का, हे तो विचारत नाही. धुरातले विष ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपटीवर जाईल का, एवढेच विचारतो. अमेरिकन गाडीत पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिले तरी दिवा लागतो तो याच हिशेबाने. चालकाच्या दृष्टीने ते झाकण आहे. नियमाच्या दृष्टीने ती हवेत वाफ सोडणारी गळती आहे. आणि ज्या दिव्याला आपण उतावळा म्हणतो, तो प्रत्यक्षात थांबून पाहतो. बहुतेक बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो लागत नाही, आणि तीन निर्दोष फेऱ्यांनंतर स्वतःहून विझतो. संगणकाकडे इतका धीर आहे, मग माणसाला तो उतावळा का वाटतो? कारण लाल दिव्याने लावलेल्या सवयीने माणूस त्याच्याकडे पाहतो. दिवा लागला, पण गाडी पळते आहे. म्हणजे दिवा खोटा.

भारतात हा दिवा टप्प्याटप्प्याने आला आणि तेही नकाशावर ठिपके मांडत. एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज चार हे धुराचे मानक दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, सोलापूर अशा मोजक्या शहरांत लागू झाले. त्या गाड्यांत गाडीनेच स्वतःचे निदान करण्याची यंत्रणा सक्तीची झाली; २०१३पासून तिचे नियम कडक झाले. सोलापूर त्या यादीत होते, पण सावरगाव आणि शेजारच्या सौंसरकडे, आणि देशाच्या बहुतेक भागात, हे मानक एप्रिल २०१७ला पोचले. सर्वोच्च न्यायालयाने स्टेज तीनची विक्री त्याच वेळी थांबवली. पुढे स्टेज पाच ओलांडून १ एप्रिल २०२०ला थेट स्टेज सहा आले. म्हणजे जुन्या बाजारपेठांतल्या मिस्त्रींना पिवळ्या दिव्याशी ओळख करून घ्यायला सात-दहा वर्षे मिळाली, इथल्यांना जेमतेम तीन. स्कॅनर न लावता या दिव्याचा अर्थ लागत नाही. पूर्वी मिस्त्री बॉनेटला कान लावून जे ओळखायचा, ते आता अक्षर-आकड्यांच्या एका कोडमध्ये बंद असते. काट्याने चालकाकडून वाचन काढून घेतले नव्हते, दिव्याने घेतले. कोडने ते मिस्त्रीकडूनही घेतले.

डिझेल गाड्यांच्या काजळीच्या गाळणीचा दिवा तर जुन्या सवयीच्या नेमका उलट बोलतो. स्टेज सहाच्या डिझेल इंजिनात धुरातली काजळी एका गाळणीत अडकते आणि सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर जळून जाते. रोज सावरगावहून पूल ओलांडून पांढुर्ण्याच्या बाजारात जाऊन परत येणाऱ्या गाडीची गाळणी एवढी तापतच नाही. काजळी साचते आणि दिवा लागतो. तो गाडी थांबवायला सांगत नाही, पंधरा-वीस मिनिटे चांगल्या वेगाने चालव म्हणून सांगतो. लाल दिवा थांब म्हणायचा, हा थांबू नकोस म्हणतो. पुस्तिकेत ते लिहिलेले असते, पण पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढते कोण? मग चालक गाडी उभी करतो, घाबरतो, किंवा दुसऱ्या आठवड्यानंतर दुर्लक्ष करू लागतो. तिन्ही गोष्टी गाळणीला मारक.

यावर अभियंत्यांचा युक्तिवाद ठाऊक आहे आणि तो हलका नाही. चुकून दहा वेळा दिवा लागला तर दहा फेऱ्या वाया जातील. एकदा लागायचा राहिला तर जीव जाईल. म्हणून कल सावधपणाकडे हवा. पण या हिशेबात अकराव्या वेळी माणूस काय करतो ते धरलेले नाही. अमेरिकेत १९७४च्या गाड्या पट्टा बांधल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक एवढे वैतागले की त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या संसदेने कायदा करून ती सक्ती काढली आणि पट्ट्याचा भोंगा आठ सेकंदांपलीकडे सक्तीने वाजवायलाही मनाई केली. आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर मागच्या आसनावर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, आणि मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा ही चर्चा घरोघर गेली. पण त्याच काळात भोंगा गप्प करण्यासाठी खाचेत अडकवायची छोटी धातूची चिप ऑनलाइन खुलेआम मिळत होती. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांना तिची विक्री थांबवायला सांगितली तेव्हा तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. एवढी मागणी बेफिकीर लोकांच्या बळावर उभी राहत नाही. शेजारच्या आसनावर भाजीची पिशवी ठेवली तरी ओरडणाऱ्या भोंग्याचाही त्यात वाटा आहे. इथे ‘लांडगा आला रे’ची गोष्ट सांगायचा मोह होतो, पण ती लागू पडत नाही. त्या गोष्टीतला पोरगा खोटे बोलत होता. हा भोंगा खरेच बोलतो, फक्त फार बोलतो. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण इथे अधिक जुळते.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो: मग जुनेच बरे होते, काटे परत आणा. ही हळहळ इतिहासाला धरून नाही. काट्यांच्या काळात घाटाघाटांत झाकण उघडून वाफाळणारे रेडिएटर उभे असत, आणि काटा लाल पट्टीत असताना चढ संपेपर्यंत रेटणारे चालकही होतेच. शिवाय नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा काटा कुणी कधी बसवला नव्हता. इंजिनाला न दुखणारा पण शेजाऱ्याच्या फुप्फुसाला दुखणारा बिघाड जुन्या डॅशबोर्डला दिसतच नव्हता. पिवळ्या दिव्याने जे दाखवले ते दाखवायलाच हवे होते. प्रश्न आहे तो दाखवले कुणाला, हा.

कॅलिफोर्नियात या प्रश्नाला उत्तर होते. तिथल्या धूर-तपासणीत हा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास होते. दिवा चालकाच्या डोळ्यांसमोर असला तरी त्याचे खरे ऐकणारे तपासणीच्या केंद्रात बसलेले असतात. आपण दिवा उचलला, तपासणीचे कोर्ट उचलले नाही. आपली पीयूसी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११५व्या नियमाखाली होते, आणि तिचा संबंध एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर येणाऱ्या धुराशी आहे. डॅशबोर्डवर पिवळे काही पेटले आहे का, याच्याशी नाही. दिवा पेटलेला ठेवूनही पीयूसी मिळू शकते. असा साक्षीदार तयार झाला की ज्याची साक्ष घ्यायला कुणी येत नाही, मग तो ज्याला ऐकण्यात रस नाही त्या एकट्या चालकाकडेच बोलत राहतो. सावरगावला हा प्रकार अनोळखी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मधोमध रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी सावरगाव आणि पांढुर्ण्याचे लोक एकमेकांवर दगड चालवतात. तिथे जमावबंदीचा आदेश निघतो, रुग्णवाहिका रांगेत उभ्या राहतात, आणि दगड चालतातच. आदेश दगड मारणाऱ्याला उद्देशून लिहिलेला असला तरी त्याचा खरा वाचक फाइल असते, हे दोन्ही काठांना ठाऊक आहे. पिवळ्या दिव्याचे तसेच झाले आहे, फरक इतकाच की गोटमारीचा इशारा वर्षातून एकदा निघतो.

नियम लिहिणाऱ्यांनाही हे जाणवले असावे, कारण सर्वांत नव्या दिव्यांना हात फुटले आहेत. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांत आखल्या जाणाऱ्या मानकांत आता नुसता इशारा पुरेसा मानला जात नाही. स्टेज सहाच्या अनेक डिझेल ट्रकांत धूर स्वच्छ करायला युरियाचे द्रावण लागते, ज्याला सगळे ॲडब्लू म्हणतात. ते संपत आले की आधी दिवा लागतो, मग भोंगा, आणि तरी टाकी भरली नाही तर इंजिनाची ताकद कापली जाते. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याच्या हंगामात भरलेला ट्रक बैतूलच्या घाटात अर्ध्या ताकदीवर येणे म्हणजे काय, हे बागाईतदाराला समजावून सांगावे लागत नाही. १९७४ची अमेरिकन सक्ती इथे गाडीच्या दुसऱ्या टोकाने परत आली आहे: पट्टा नाही तर गाडी सुरू नाही, द्रावण नाही तर चढ नाही. युरोपात या दिव्याला फसवणारी छोटी यंत्रे तयार झाली, पोलिसांनी ती ट्रकांतून पकडलीही; संगणकाला ती सांगतात की टाकी भरलेली आहे. तेलाच्या लाल दिव्याला फसवण्यासाठी कुणी कधी असे यंत्र बनवले नव्हते.