यंत्राची तहान

यंत्रयुगाचा इतिहास लिहिणारे बहुधा अग्नीचीच थोरवी गातात. वाफेचा जोर, पेट्रोलचा भडका, विजेचा लखलखाट यांचीं वर्णनें आपण लहानपणापासून वाचीत आलों. परंतु त्या अग्नीला मर्यादेंत ठेवणाऱ्या पाण्याची वास्तपुस्त क्वचितच कोणी घेतो. आमच्याहि मनांत हा विचार कधीं आला नव्हता. तो आणून दिला आमच्या वडिलांच्या जुन्या मोटारीनें, आणि तोहि कन्नडच्या घाटांत, भर उन्हांत आम्हांस रस्त्याच्या कडेला उभें करून.

ही मोटार म्हणजे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांच्या पश्चात् ती उस्मानपुऱ्यांतील आमच्या घराच्या अंगणांत आहे. चाळीसगांवाहून परततांना निम्मा घाट चढतो न चढतो तोंच बॉनेटखालून वाफेचे लोट निघूं लागले. एका ट्रकचालकानें आपल्या कॅनमधील पाणी देऊं केलें. पण रेडिएटरच्या झांकणास मात्र त्यानें आम्हांस हात लावूं दिला नाहीं. "अर्धा तास थांबा, साहेब, तें पाणी आतां पाणी नाहीं," एवढेंच तो म्हणाला. त्याचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. समुद्रसपाटीपासून सुमारें 570 मीटर उंचीवरच्या आमच्या शहरांत उघडें पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. रेडिएटरचें झांकण आंतील दाब वाढवितें, आणि दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला कीं उकळण्याचा अंश सुमारें दीडनें वर जातो. शंभराच्या वर तापूनहि केवळ दाबामुळें न उकळलेलें तें पाणी झांकण काढतांच वाफ होऊन अंगावर येतें, व पाहणारा जन्माचा भाजतो.

घरीं आल्यावर दोन मतें पडलीं. मुलांचें मत, गाडी भंगारांत द्यावी. आमचें मत, निदान दोष कोठें आहे तें तरी पाहावें. या वादानेंच आम्हांस इतिहासाकडे वळविलें.

पेट्रोलमध्यें जी उष्णता असते तिचा सुमारें चतुर्थांशच यंत्राच्या कामीं येतो. बाकीची धुराबरोबर आणि पाण्याबरोबर बाहेर टाकावी लागते. ती टाकितां आली नाहीं तर दट्ट्या नळकांड्यांतच अडकून बसेल. कार्ल बेंझ याच्या 1886 सालच्या तीनचाकी गाडींत यावर तोड होती ती अशी कीं, पाणी उकळून वाफ होऊन जावें आणि वाटेंत नवें ओतावें. म्हणजे ती गाडी अक्षरशः पाणी पीत चाले. ही तहान आवरली ती विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें. 1900 सालीं रचलेल्या मर्सिडीझ गाडीसाठीं त्यानें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यांत सहा मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी 8,070 नळ्या एकत्र झाळलेल्या होत्या. पाणी थोडें, परंतु वाऱ्याशीं त्याचा संपर्क फार, हें यांतील मर्म. आजचा रेडिएटरहि याच मर्मावर चालतो.

पुढें हेन्री फोर्डच्या 1908 सालीं निघालेल्या मॉडेल टी गाडींत, पहिल्या थोड्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच ठेवला नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, थंडावलेलें जड होऊन खालीं उतरे, आणि हें रहाटगाडगें आपोआप फिरत राही. ही युक्ति वाचतांच आम्हांस आमच्या गांवची पाणचक्की आठवली. मलिक अंबरानें या शहरासाठीं नहर बांधली, आणि त्याच परंपरेंत पुढें डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून आणून पाणचक्कीच्या उंच भिंतीवरून खालीं सोडण्यांत आलें. त्याच्या धारेनें जातें फिरे. तेथेंहि पंप नाहीं. एके ठिकाणीं उंचसखलपणानें काम केलें, दुसऱ्या ठिकाणीं उष्णशीतपणानें. पाण्याचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम करून घ्यावें, ही विद्या कांहीं एकट्या डेट्रॉइटची नव्हे.

तथापि यंत्रें जशीं बळकट झालीं तसा हा आपोआप चालणारा प्रवाह अपुरा पडूं लागला व पंप आला. पंप आला तेव्हां थंड यंत्रांत पाणी उगाच फिरूं नये म्हणून थर्मोस्टॅट आला. आमची पद्मिनी या पिढीची. तिचें घराणें सांगावयाचें तर, वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व कुर्ल्यास कारखाना काढिला. प्रारंभीं अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या आणि पुढें इटलीच्या फियाटच्या गाड्या तेथें जोडल्या जात. 1953 सालीं टॅरिफ कमिशननें असा कौल दिला कीं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनीं येथेंच भाग घडविण्याची योजना आंखावी, नाहीं तर धंदा आवरावा. फोर्ड व जनरल मोटर्स यांनीं दुसरा मार्ग पतकरला; कुर्ल्याच्या कारखान्यानें पहिला. फियाटची 1100 डी ही गाडी 1964 पासून येथें होऊं लागली, 1974 सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि 2000 सालच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली.

येथें आमच्या अडचणीचें मूळ आहे. जोंवर हजारों टॅक्सी धांवत होत्या, तोंवर त्यांच्यासाठीं पंप, नळ्या व पट्टे करणारे लहान कारखानदार होते. गाडी कारखान्यानें सोडली तरी टॅक्सीनें तिला जगविलें होतें. टॅक्सी गेली आणि तो आधारहि गेला. ज्या शहराच्या वाळूज भागांत 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, आणि शेंद्र्यास 2001 पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जातात, त्याच शहरांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या मोटारीचा एक पंप मिळूं नये, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. विचार करतां कळलें कीं, त्यांत नवल नाहीं. कारखाना नव्या वस्तू निर्माण करितो. जुन्या वस्तू जगविण्याचें काम बाजार आणि कारागीर करीत असतात.

बाजाराचा अनुभव मुंबईस आला. ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडतां हिंडतां एके ठिकाणीं पंप मिळाला. मूळचा डबा, वर वंगणाचा कागद, आंत लखलखीत धातु. आम्हीं आनंदानें घेतला. परंतु बसविल्यावर तासाभरांत त्याच्या आंसाशीं थेंब थेंब पाणी गळूं लागलें. डब्यांत बंद असतांहि आंतलें रबर आपलें वय मोजीतच होतें. तें सुकून कडक झालें होतें. नवी आणि न वापरलेली या दोन विशेषणांतील अंतर आम्हांस त्या दिवशीं समजलें.

कारागिराचा अनुभव मात्र घराजवळच आला. उस्मानपुऱ्यांत एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारा मोहल्ला त्यांस चाचा म्हणतो. त्यांनीं रेडिएटर उतरवून पाण्याच्या हौदांत बुडविला, त्यांत हवा भरली, आणि बुडबुडे कोठून येतात तें पाहून खडूनें खुणा केल्या. मग वरची टाकी झाळ सोडवून काढिली. आंतील नळ्या पांढऱ्या क्षारानें निम्म्याहून अधिक बुजल्या होत्या. "तुमच्या वडिलांनंतर यांत बोअरचें पाणी कोणी घातलें?" असा त्यांनीं प्रश्न केला, आणि आम्ही खालीं पाहूं लागलों. वडील दर पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी बरण्यांत भरून ठेवीत. तो त्यांचा छंद आहे असें आम्ही समजत होतों. तें त्यांचें ज्ञान होतें.

चाचांनीं जुन्या पितळी टाक्या तशाच ठेवून त्यांस तांब्याच्या नळ्यांचा नवा गाभा बसवून दिला. त्यांचें साहित्य पाहून आम्हांस बालपणींचा कल्हईवाला आठवला. तेंच कथील, तोच नवसागर, तीच आंच. 1970 नंतरच्या दशकांत रेडिएटर अल्युमिनियमचे व त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या होत गेल्या. ते हलके व स्वस्त खरे, परंतु फुटले कीं टाकूनच द्यावयाचे. तांबें-पितळेचा रेडिएटर मात्र पुन्हां पुन्हां उघडतां येतो, कारण तो ज्या हातांनीं जोडला जातो त्याच हातांनीं सोडवितां येतो. पंपाचेंहि तसेंच झालें. मुंबईहून आणलेल्या पंपाचें मूळ ओतीव शरीर चाचांनीं राखिलें, आंतील सील व बेअरिंग मापानें जुळवून नवीं घातलीं.

एका मुद्द्यावर मात्र आमचा मतभेद झाला. थर्मोस्टॅट काढूनच टाकावा, आपल्याकडच्या उन्हांत त्याचें काय काम, असें चाचांचें मत. पुष्कळ मिस्त्री तसेंच करितात. आमचें म्हणणें असें कीं, यंत्र फार थंड राहिलें तरी पेट्रोल अधिक जळतें आणि झीजहि वाढते. अखेर स्वयंपाकघरांतील एका पातेल्यांत पाणी तापत ठेवून, त्यांत थर्मोस्टॅट दोऱ्यानें टांगून, शेजारीं तापमापक धरून परीक्षा घेतली. ऐंशीच्या पुढें कांटा गेल्यावर त्याची झडप हळूहळू उघडली, पाणी निवूं लागतांच मिटली. चाचा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हा ठेवूं या. चांगला असला तर काढण्याचें कारण नाहीं. आम्ही काढतों तो बिघडलेला मिळतो म्हणून." एका वाक्यांत त्यांनीं आपला आणि आमचा दोघांचाहि मान राखिला.

नळ्या घट्ट केल्या, शुद्ध पाण्यांत गंजरोधक द्रव मिसळून तें सावकाश भरलें, झांकण उघडें ठेवून आंतील हवेचे बुडबुडे निघून जाईतों यंत्र चालू ठेविलें. पुढच्या आठवड्यांत आम्ही पुन्हां कन्नडचा घाट चढलों. वरच्या वळणावर गाडी थांबवून आम्ही कान दिला. पंखा फिरत होता; बाकी सर्व शांत होतें.

जुन्या वस्तू कां जपाव्यात, या प्रश्नास स्मृति हें एक उत्तर आहे. तें आम्हांस अमान्य नाहीं. परंतु या खटाटोपानंतर आम्हांस दुसरेंहि एक उत्तर सांपडलें. वस्तूबरोबर ती दुरुस्त करणारी विद्या जगते, आणि ती वस्तु गेली कीं त्या विद्येस गिऱ्हाईक उरत नाहीं. चाचांचा मुलगा शेंद्र्याकडे नोकरीस जातो. त्यास झाळ देतां येत नाहीं, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. मात्र आमचा धाकटा मुलगा, जो गाडी भंगारांत द्या म्हणत होता, त्यानें यंदाच्या पहिल्या पावसांत न सांगतां अंगणांत दोन बरण्या मांडून ठेविल्या. आम्हीं त्यास कांहीं विचारिलें नाहीं. भरल्यावर झांकणें तेवढीं घट्ट लावून दिलीं.