झामो, निद्रारोग आणि बाफियाची सुई

मागच्या वेळी आपण त्सेत्से माशीपाशी थांबलो होतो. ही माशी चावते, रक्तात परजीवी सोडते आणि नंतर कित्येक महिने माणूस धडधाकट दिसतो. परजीवी मेंदूत शिरला की मग दिवसा झोप, रात्री जाग, भ्रम आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू. आता मला सांगा, आपण आजारी आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो दवाखान्यात येईल कशाला?

युजेन झामो या फ्रेंच लष्करी डॉक्टरांचं उत्तर सरळ होतं: दवाखानाच गावात न्यायचा. 1926 मध्ये कॅमेरूनमध्ये त्यांची कायमस्वरूपी मोहीम सुरू झाली. अख्खं गाव रांगेत उभं करायचं. एकजण मानेच्या गाठी चाचपतो, दुसरा सुईने त्यातला द्रव काढतो, तिसरा सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. परजीवी सापडला की पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं. कारखान्यासारखं काम चालायचं, बरं का! आणि रांगेत यायचं की नाही, हे गावकऱ्यांच्या हातात नव्हतं. हुकूम वसाहतीच्या सरकारचा असायचा.

औषध होतं ट्रिपार्सामाइड, आर्सेनिकपासून बनवलेलं. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रोगावर ते चालायचं, म्हणून त्याचं मोल फार. पण ते डोळ्यांच्या नसेला घातक आहे, हेही डॉक्टरांना ठाऊक होतं. बाफिया भागात झामो यांच्या हाताखालच्या एका डॉक्टरने ठरलेला डोस दुप्पट केला. सुमारे 700 माणसांची दृष्टी गेली. 1931 मध्ये झामो यांना डकारला अडवून कॅमेरूनच्या कामावरून दूर केलं गेलं.

तो हुकूम झामो यांचा नव्हता, असं त्यांचे चाहते सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मला हा वाद अपुरा वाटतो. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणणाऱ्या माणसाला पुढची सुई नाकारता येत होती का? ती सोयच त्या रचनेत नव्हती. याच मोहिमांनी रोग मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणला, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर निरोगी माणसांनाही रोग होऊ नये म्हणून लोमिडिनची इंजेक्शनं सरसकट दिली गेली. 1954 मध्ये योकाडुमात त्यातून गँग्रीन होऊन माणसं दगावली.

आज फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या आहेत, आणि पुष्कळ रुग्णांची पाठीतली सुई टळते. त्या गोळीची चाचणी काँगोत कशी झाली, ते पुढच्या व्याख्यानात बघू.