मनिऑर्डर, तार आणि मोबाइल

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनीं धाडलेल्या पैशावर मालवण किनाऱ्यावरचीं कितीतरी घरें चाललीं. तेथें पोस्टमन हा केवळ पत्रें वांटणारा नोकर नव्हता. डाकखात्यानें १८८० सालीं मनिऑर्डरीचें काम हातीं घेतलें. पुढें रकमेसोबत कुपनावरच्या दोन ओळींत मुलाची खुशालीही येई, आणि निरक्षर आईला ती पोस्टमनच वाचून दाखवी. पैसा, निरोप आणि विश्वास हीं तिन्ही एकाच पिशवींतून पोंचत.

तारेची मातब्बरी निराळी. ती वेगवान, पण शब्दागणिक दाम घेणारी. म्हणूनच दारीं तार आली कीं काळजाचा ठोका चुके. १९१४ सालीं डाक व तार हीं खातीं एक झालीं, १९८५ सालीं पुन्हां विभक्त झालीं. तारेचा वारसा दूरसंचार खात्याकडे आणि २००० सालीं भारत संचार निगमाकडे गेला. वेग हेंच तारेचें एकमेव भांडवल होतें. तिच्याहून वेगवान व स्वस्त मोबाइल घरोघर पोंचतांच तें सरलें, आणि जुलै २०१३ मध्यें तारसेवा बंद झाली. डाकखातें मात्र टिकलें. २०१८ सालीं त्यानें पेमेंट्स बँक काढली आणि त्याच पोस्टमनच्या हातून पेढीचे व्यवहार दारापर्यंत नेले.

आज मोबाइल कंपन्यांपुढें हाच पेंच आहे. तारकर्लीच्या निवासगृहाच्या मालकाला खोलीची मागणी, आगाऊ रक्कम, वादळाचा इशारा आणि रात्रींचा चित्रपट हें सारें एकाच यंत्रावर मिळतें. जो संदेश पोंचविण्याचे कंपनी पैसे घेई, तो व्हॉट्सॲप तिच्याच जाळ्यावरून नेतें. कंपनी नुसती वाट होऊन राहते. आणि २०१६ सालीं जिओ आल्यावर त्या वाटेचें भाडेंही झपाट्यानें उतरलें. मनोरे सामाईक वापरून कंपन्यांनीं खर्च वांटून घेतला. एअरटेलनें २०१७ सालीं स्वतःची पेमेंट्स बँक सुरू केली.

परंतु नवीं दुकानें थाटून भागत नाहीं. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें सिंधुदुर्गांतील विजेचे खांब आडवे केले. वीज नसली कीं मनोरा फार काळ बोलत नाहीं. आणि पैसा, निरोप व धंदा एकाच तारेला बांधले असले म्हणजे तिन्ही एकदम अडतात. अशा वेळीं शेवटच्या वाडीपर्यंत ज्या कंपनीचें जाळें चालू राहील, तिलाच गिऱ्हाईक धरून राहील. पोस्टमनची पत वेगावर नव्हती. तो भर पावसांतही येई, यावर होती.