दहा दिवसांचे आयुष्य

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला, की कर्त्या पुरुषाच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या बिऱ्हाडाचा आणि मुलांच्या शाळेचा. घरात कोणी गर्भारशी असेल, तर गृहिणीच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. बाळंतपण कोठे करावयाचे? पहिली खेप माहेरी करावी, हा आपला जुना रिवाज. त्यात लेकीच्या कौतुकाचा भाग होताच. परंतु त्यापलीकडे एक व्यवहारी शहाणपणही होते. सासरच्या कामातून सुटका, ओळखीची सुईण आणि आईचा हात, या तीन गोष्टी माहेरी निश्चित मिळत. माहेर आठशे मैलांवर राहिले आणि पतीची नेमणूक परमुलखात झाली, म्हणजे या तिन्ही गोष्टींची जुळवाजुळव नव्याने करावी लागते. दिल्ली, भोपाळ, कोलकाता किंवा गुवाहाटी येथे संसार मांडलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. आपल्या देशात माता आणि नवजात बालक यांच्या रक्षणाचा जो इतिहास घडला, त्यातील एक महत्त्वाचे पान मात्र अशाच एका बदलीवर हिंडणाऱ्या मराठी नोकरदाराच्या घरात लिहिले गेले, हे पुष्कळदा विसरले जाते.

त्या नोकरदाराचे नाव गोपाळ विनायक जोशी. टपाल खात्यातील चाकरीमुळे कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज असा मुलूख पाहत ते अखेरीस बंगालमध्ये जाऊन पोहोचले. त्यांची पत्नी, माहेरची यमुना, हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून सर्वांस ठाऊक झाली. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. विवाह झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मुलगा झाला तेव्हा चौदा वर्षांची. ते मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, ही टोचणी त्या कोवळ्या मातेच्या मनात कायमची राहिली. आपल्याकडे सोयर दहा दिवसांचे आणि बारसे बाराव्या दिवशी. म्हणजे त्या बाळाने बारशाचा दिवसही पाहिला नाही.

त्या काळची बाळंतिणीची खोली आपण डोळ्यांपुढे आणू या. घरातील सर्वांत अंधारी, वाऱ्याला पारखी झालेली खोली, दाराला पडदा, कोपऱ्यात धुमसती शेगडी आणि तिच्यावर ओवा, बाळंतशेपा यांची धुरी. या व्यवस्थेला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बाळाला ऊब मिळे. सोयराच्या निमित्ताने परक्या माणसांची वर्दळ थांबे. मातेस विश्रांती, मालीश आणि अळीव, मेथी, डिंक यांचा खुराक लाभे. पण याच खोलीत घातक गोष्टीही घडत. नाळ कापावयास हाताशी असेल ते पाते घेतले जाई आणि ते उकळून घेण्याची कल्पना कोणासही नव्हती. पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधेल म्हणून पिळून टाकले जाई आणि त्याऐवजी मध किंवा गूळपाणी चाटविले जाई. नाळेच्या जखमेतून शिरणारा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस डोके वर काढतो. पाचवी आणि सटवीच्या रात्री जागविण्याच्या आपल्या प्रथेमागे, तेच दिवस धोक्याचे असतात हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असावा, असा तर्क करावासा वाटतो. संकट कोणत्या वारी येते हे ठाऊक होते. ते कोणत्या वाटेने येते हे ठाऊक नव्हते.

आणि तरीही या ज्ञानाचा जगात अभाव होता असे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराची रचना, गर्भिणीचा महिनावार आहार आणि बाळाची पहिली शुश्रूषा यांचे विवेचन आहे. गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तेलाच्या पात्राप्रमाणे, हिंदकळू न देता जपावे, असा तेथे दृष्टान्त आहे. इकडे युरोपात व्हिएन्ना येथील सूतिकागृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली एक साधा नियम घालून दिला: शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून बाळंतिणीस स्पर्श करू नये. त्यांच्या विभागात १८४६ साली दर शंभर बाळंतिणींपैकी अकराहून अधिक दगावत होत्या. १८४८ साली हे प्रमाण सव्वाच्या आसपास आले. म्हणजे आनंदीबाईंचे बाळ जन्मले, त्याच्या तीस वर्षे आधी स्वच्छ हातांचे महत्त्व सिद्ध झालेले होते. पण व्हिएन्नातील हा धडा आणि आपल्याकडील बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये एक उंबरठा होता. पुरुष डॉक्टरास तो ओलांडता येत नव्हता आणि जिला ओलांडता येत होता त्या सुईणीपर्यंत कोणी ज्ञान पोहोचविले नव्हते. माता व बालक यांच्या रक्षणाचा पुढील शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, हे अंतर मिटविण्याचा इतिहास होय.

आनंदीबाईंनी हे मर्म फार लवकर ओळखले. गोपाळरावांची नेमणूक श्रीरामपूर येथे असताना, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयात त्यांनी एक भाषण केले. अठरा वर्षेही पुरी न झालेली ही तरुणी, परप्रांतात, परक्या श्रोत्यांपुढे उभी राहून, हिंदुस्थानास हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि त्यासाठी आपण स्वतः पुढे येत आहोत, असे सांगत होती. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पदवीसाठी आनंदीबाईंनी प्रबंधाचा विषय निवडला होता तो ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा. ज्या प्रसंगी आपण असहाय ठरलो, त्याच प्रसंगाच्या शास्त्राचा अभ्यास त्यांनी केला आणि त्यासाठी आपल्या जुन्या ग्रंथांचाही आधार घेतला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी सिद्ध होती; परंतु क्षयाने जर्जर होऊनच त्या स्वदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या मातांसाठी हा सर्व खटाटोप केला, त्यांची सेवा त्यांच्या हातून घडावयाची राहून गेली.

मात्र वाट मोकळी झाली होती. १८८५ साली स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि गावोगावी स्त्रियांची रुग्णालये निघू लागली. बालपणीच्या विवाहाचे बंधन न्यायालयातही न मानणाऱ्या रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. सुरतेनंतर राजकोट असे त्यांचे सारे कार्यजीवन महाराष्ट्राबाहेर, गुजराती मातांच्या सेवेत गेले. परप्रांतात राहून तेथील जनतेचा विश्वास कसा संपादन करावा, याचा धडा आपल्यापैकी प्रत्येकाने त्यांच्याकडून घ्यावा असा आहे. इकडे पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली उभारलेल्या सेवासदनाने परित्यक्ता व विधवा स्त्रियांना परिचारिकेच्या आणि सुईणीच्या शिक्षणाकडे वळविले. ज्या कामाला समाज कमी प्रतीचे समजत होता, त्याला शिक्षणाची प्रतिष्ठा मिळाली.

शास्त्र जाणणारी स्त्री भेटली तरी मातेचे वय आणि तिची विश्रांती हे प्रश्न उरतातच. चौदाव्या वर्षी मातृत्व आलेल्या मुलीचे शरीरच अजून वाढीस लागलेले असते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली, ती १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहापुरती चौदावर आणि १९७८ साली अठरावर गेली. विश्रांतीचा प्रश्न मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, प्रसूतीपूर्वी व नंतर मातेस विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार काही अंशी सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला. सर्व देशासाठी तो १९६१ साली झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेची मुदत २६ आठवड्यांवर गेली. माहेरची विश्रांती अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आली.

एवढे होऊनही खेड्यातील बाळाचा प्रश्न सुटलेला नव्हता. रुग्णालय तालुक्याला आणि बाळंतपण झोपडीत, अशी स्थिती स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ दशके टिकली. या कोड्याचे उत्तर महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडील गडचिरोली जिल्ह्यात सापडले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. गरोदर स्त्रीची नोंद करावयाची, प्रसूतीच्या वेळी सुईणीसोबत हजर राहावयाचे, बाळाला कोरडे करून गुंडाळावयाचे, त्याचे वजन करावयाचे, चिकासकट आईचे दूध लगेच पाजावयास लावावयाचे आणि पहिले २८ दिवस वारंवार घरी जाऊन त्याला पाहावयाचे, हे त्यांचे काम. बाळ गुदमरलेले जन्मले तर त्याला श्वास देण्याचे आणि जंतुदोष झाला तर इंजेक्शन टोचण्याचेही शिक्षण त्यांना मिळाले. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करून फळ मोजले गेले. १९९३ ते १९९५ या काळात त्या ३९ गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. व्हिएन्नाचे ज्ञान अखेर उंबरठा ओलांडून आत आले, आणि ते आणले गावातल्याच बाईने, जिला बाळंतिणीच्या खोलीत कोणी परकी म्हणत नव्हते.

हीच पद्धत २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात प्रसूती झाली तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झाली तर पहिल्या दिवशीही, आशेने बाळाला भेट द्यावयाची असा नियम आहे. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. १९९० च्या दशकात गडचिरोलीत हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत साऱ्या देशासाठी हजारी २० असे नोंदले गेले. सटवीच्या रात्रीची ती जुनी भीती पुष्कळ अंशी ओसरली, याचे हे आकडे साक्षीदार आहेत.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या इतिहासातून काय घ्यावे? गर्भारपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच करावी आणि किमान चार तपासण्या चुकवू नयेत. रक्तदाब, रक्तातील लोह, लघवीतील प्रथिने आणि धनुर्वाताची लस यांकडे लक्ष ठेवावे. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा अंगावरून रक्त जाणे या गोष्टी दिसताच पत्राने किंवा फोनने माहेरचा सल्ला विचारीत न बसता रुग्णालय गाठावे. बाळ जन्मल्यावर तासाभरात ते छातीशी यावे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज घुटी, मध किंवा पाणी काहीच देऊ नये. नाळेवर तेल, हळद, राख लावू नये. दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. आणि शेजारची बंगाली, हिंदी किंवा तेलुगू भाषक आजीबाई मदतीस आली, तर तिला परकी मानू नये. हात धुऊन आलेला कोणताही मायेचा हात माहेरचाच असतो.

शेवटी पित्यासाठी एक शब्द. केंद्र सरकारच्या सेवकास अपत्यजन्माच्या वेळी पंधरा दिवसांची पितृत्वरजा मिळते. पुष्कळजण ती कार्यालयीन निकडीपायी घेत नाहीत किंवा बारशाच्या समारंभापुरती राखून ठेवतात. नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात, हे ध्यानात घेतले तर ती रजा केव्हा घ्यावयाची हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. आनंदीबाईंच्या बाळाला दहाच दिवस मिळाले. त्या दहा दिवसांत घरातल्या जाणत्या माणसाने पाळण्याजवळ बसून काय पाहावे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ते पाहावयास आपण घरी असावे, एवढीच अपेक्षा.