स्वतःचंच घड्याळ थांबवणारी कंपनी

तुमच्या कपाटातही एखादं जुनं चावीचं घड्याळ असेल. आमच्या बाबांचं एचएमटी आहे. रोज सकाळी चहाच्या आधी ते त्याला चावी द्यायचे. आजची गोष्ट मात्र जपानची.

१८८१ साली टोकियोत किंतारो हात्तोरी या तरुणाने घड्याळांचं दुकान काढलं. त्यातूनच पुढे सेइको उभी राहिली. १९२३च्या भूकंपात कारखाना गेला, तरी पुढच्याच वर्षी ‘सेइको’ नावाचं मनगटी घड्याळ बाजारात आलं. १९६०मध्ये आलं ग्रँड सेइको. स्विस घड्याळांच्या तोडीस तोड काहीतरी करायचं, ही त्यामागची जिद्द.

आणि मग २५ डिसेंबर १९६९ला याच कंपनीने अ‍ॅस्ट्रॉन विक्रीला आणलं. जगातलं बाजारात आलेलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ! किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा छोटी मोटार आली असती. आतला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावायचा. त्यामुळे महिन्याला फरक पडायचा जेमतेम ५ सेकंदांचा. चांगलं चावीचं घड्याळही तेवढं एका दिवसात चुकतं.

एमबीएच्या वर्गात आम्हाला हे स्विस लोकांच्या झोपेचं उदाहरण म्हणून शिकवलं. १९७०मध्ये त्यांच्या घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार माणसं होती, पंधराएक वर्षांत जेमतेम एक तृतीयांश उरली. पण सेइकोचंही चावीचं ग्रँड सेइको सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बंद पडलं, हे कोणी सांगितलं नाही.

१९९३मध्ये त्यांनी ९एफ हे नवं क्वार्ट्झ यंत्र आणलं. त्याचे स्फटिक तीन महिने मुरवतात, अगदी लोणच्यासारखे! ते दिवसातून ५४० वेळा तापमान तपासतं, आणि वर्षाला फार तर १० सेकंद चुकतं. झालं की काम! तरीही १९९८मध्ये कंपनीने वीसेक वर्षांनी ग्रँड सेइकोसाठी चावीवर चालणारं नवं यंत्र केलं, ९एस. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्याने वाकवून जुळवायची, तर त्याला सरावलेला हात लागतो. तो नकाशावरून येत नाही. आम्ही आयटीवाले जुनी सिस्टीम बंद करताना ‘सगळं लिहून ठेवलंय’ म्हणतो, आणि दोन वर्षांनी निवृत्त माणसाला फोन करतो, तसंच हे. २०२०च्या ९एसए५ यंत्राचे ठोके सेकंदाला दहा, आणि पूर्ण चावीवर ते ८० तास चालतं. अचूकतेत मात्र अजूनही क्वार्ट्झच्या मागेच. तरी लोक जास्त पैसे मोजून तेच घेतात.

बाबांचं एचएमटी मी गेल्या महिन्यात इथे न्यू जर्सीतल्या एका दुकानात नेलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, बॅटरी बदलून देतो. झाकण उघडून तो बराच वेळ नुसता बघत राहिला.