दिल्ली नक्की कुठे आहे?

आजचा एपिसोड एकाच शब्दावर आहे, आणि शब्दही रोजचाच: दिल्ली.

बातम्यांत आपण काय ऐकतो? 'निर्णय दिल्लीत होईल.' 'दिल्लीने हिरवा कंदील दाखवला.' 'मुख्यमंत्र्यांची पुन्हा दिल्लीवारी.' यातली दिल्ली मॅपवर पिन टाकून दाखवता येईल का? नाही येणार. कारण हे नाव एका जागेला चिकटून राहतच नाही. सत्ता जिथे बसते, तिथे ते जातं. आणि ही सवय आजची नाही.

सुरुवातीपासून बघू. राजस्थानात बिजोलिया इथे ११७० सालचा शिलालेख आहे, त्यात 'ढिल्लिका' असं नाव येतं. पालमच्या बावडीच्या १२७६ च्या संस्कृत लेखात 'ढिल्ली' आहे. नाव कुठून आलं, याच्या दोन गोष्टी फार चालतात. एक, तोमर राजाने मेहरौलीचा लोखंडी खांब उपटून पाहिला, परत रोवला तेव्हा तो ढिला राहिला, म्हणून ढिल्ली. दुसरी, फारसी 'दहलीज' म्हणजे उंबरठा, त्यावरून देहली. पहिली ऐकायला मस्त आहे, पण ती दंतकथाच. दुसरीची अडचण तारखेची: ढिल्लिका हे रूप दिल्लीत फारसी बोलणारे सुलतान येण्याआधीच दगडावर कोरलेलं आहे.

पुढे गंमत बघा. अलाउद्दीन खिलजीने सीरी वसवली, गियासुद्दीन तुघलकाने तुघलकाबाद, फिरोजशाहने फिरोजाबाद. शाहजहानने १६३९ मध्ये शाहजहानाबादचं काम सुरू केलं. प्रत्येकाने आपलं खास नाव दिलं, आणि लोकांनी प्रत्येक वेळी म्हटलं, दिल्ली. प्रोग्रामिंगमध्ये व्हेरिएबलचं नाव तेच राहतं आणि आतली व्हॅल्यू बदलते ना, अगदी तसं.

याचा पुरावा लाल किल्ल्यातच उभा आहे. त्याच्या दक्षिणेच्या दरवाजाचं नाव आहे दिल्ली दरवाजा. दिल्लीतल्याच किल्ल्याला दिल्ली दरवाजा कसा? कारण शाहजहानचं शहर नवंकोरं होतं, आणि 'दिल्ली' दक्षिणेला होती, जुन्या वस्त्यांकडे. आज त्याच शाहजहानाबादला आपण 'जुनी दिल्ली' म्हणतो!

आपल्याकडेही हे दरवाजे आहेत. पुण्यात पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू केलं. त्याच्या उत्तरेकडच्या मुख्य दरवाजाचं नाव दिल्ली दरवाजा. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेट आहे, अहिल्यानगरातही आहे. त्या दोन्ही शहरांची नावं बदलली, दरवाजांची राहिली. इतक्या लांबच्या गावांत दिल्ली ही एक दिशा होती.

पण नाव मोठं म्हणून सत्ता मोठी, असंही नाही. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली घेतली, आणि पुढच्या वर्षी बादशाह शाह आलम दुसरा मराठ्यांच्या आधाराने तख्तावर परतला. त्याच्याबद्दल लोक टोमणा मारायचे की याचं राज्य दिल्लीपासून पालमपर्यंत. पालम म्हणजे आज जिथे विमानतळ आहे तो भाग. बादशाहचा हुकूम तेवढाच चालायचा, तरी त्याच्या नावाची सनद सगळ्यांना हवी असायची. महादजींनीही १७८४ मध्ये त्याच्याकडून 'वकील-ए-मुतलक' हे पद घेतलं. आणि १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेला हरवून इंग्रजांनी दिल्ली घेतली, तेव्हा त्यांनीही बादशाहला तख्तावर ठेवलं. नाव कामाचं होतं.

इंग्रजांनी १९११ च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून हलवायची घोषणा केली. रायसीना, मालचा अशा गावांच्या जमिनी घेऊन नवं शहर बांधलं, १९३१ मध्ये त्याचं उद्घाटन केलं. नाव? नवी दिल्ली. साम्राज्य त्यांचं, पण शब्द जुनाच लागला.

आता आजच्याकडे येऊ, कारण खरा घोटाळा इथे आहे. 'दिल्ली सरकार' आणि 'दिल्लीतलं सरकार' ही दोन वेगळी सरकारं आहेत. १९९१ च्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली, पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडेच राहिले. म्हणजे दिल्लीकराने मत देऊन निवडलेला मुख्यमंत्री दिल्ली पोलिसांना आदेश देऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेत तिथे १ कोटी ६७ लाखांहून जास्त माणसं होती. आपण 'दिल्लीने अन्याय केला' म्हणतो, तेव्हा बससाठी रांगेत उभी असलेली ही माणसं आपल्या डोळ्यांसमोर नसतातच. खरं तर त्या निर्णयात त्यांचा हात आपल्याइतकाच असतो, कधी कधी कमीच.

'दिल्लीवारी' हा शब्दही बघा. वारी आपण पंढरपूरची करतो, श्रद्धेने. नेत्याच्या विमानप्रवासाला तोच शब्द लावताना मराठी माणसाने सत्तेला देव्हाऱ्यात बसवलं की तिची थट्टा केली? मला वाटतं, दोन्ही.

म्हणून एक विनंती. यापुढे 'दिल्लीने ठरवलं' असं ऐकलंत की विचारा: कोणती दिल्ली? मंत्रालय, संसद, सुप्रीम कोर्ट, की एखाद्या पक्षाचं कार्यालय? दिल्ली नावाचं कुणी सही करत नाही. सही माणूस करतो, आणि त्याला पद असतं, नाव असतं. जबाबदारी त्या नावावर टाकायची असते, शहराच्या नाही.

तुमच्या गावात दिल्ली दरवाजा किंवा दिल्ली गेट असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!